पुप्फभाणी कोण? : म्यानमारमधील फेसबुकचा अनुभव आणि सम्मावाचेची कसोटी

अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समाजमाध्यमांवरील मजकुराचे नियंत्रण या विषयावर आज जी चर्चा चालते ती बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : अमुक मजकूर ठेवावा की काढावा? एक पक्ष म्हणतो, कंपन्या फार काढतात. दुसरा म्हणतो, पुरेसे काढत नाहीत. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते. ती अशी की, कंपनी म्हणजे केवळ एक भिंत आहे. लिहिणारे लोक वेगळे आहेत. आणि भिंतीवरचे कोणते लिखाण पुसावयाचे एवढेच काय ते ठरवावयाचे आहे. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी म्यानमारचे उदाहरण घेतले आहे. फेसबुकच्या नियंत्रण-व्यवस्थेतील दोष त्या देशात जितके उघडे पडले तितके क्वचितच अन्यत्र पडले असतील, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपल्याशी निगडित आहे. तेथे द्वेषाची वाणी उच्चारणाऱ्यांत चीवरधारी भिक्खू होते. ज्या रंगून नगरीत १९५४ साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब गेले होते, त्याच देशात बुद्धाचे नाव घेऊन हे घडले. यास्तव हा विषय दूरच्या देशाचा म्हणून बाजूस सारण्याचा अधिकार बौद्ध वाचकाला नाही.

घटनाक्रम

म्यानमारमध्ये कित्येक वर्षे मोबाईलचे सिमकार्ड ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती. २०१४ मध्ये परदेशी दूरध्वनी कंपन्यांची सेवा सुरू झाली आणि ते सुमारे दीड डॉलरला मिळू लागले. फोन विकत घेतानाच त्यात फेसबुक घालून मिळे. वृत्तपत्रांवरील पूर्वतपासणी २०१२ मध्ये उठली होती. परंतु दीर्घ लष्करी राजवटीत खऱ्याखोट्याची शहानिशा करणारी स्वतंत्र पत्रसृष्टी रुजलीच नव्हती. परिणामी असंख्य लोकांच्या दृष्टीने फेसबुक हेच इंटरनेट आणि हेच वर्तमानपत्र झाले. २०१८ पर्यंत तेथे सुमारे १ कोटी ८० लाख लोक ते वापरीत होते.

पहिला मोठा इशारा जुलै २०१४ मध्ये मिळाला. मंडाले येथील एका मुसलमान चहादुकानदाराने बौद्ध स्त्रीवर बलात्कार केल्याची अफवा फेसबुकवर पसरली. अशिन विराथू या भिक्खूने तिला हातभार लावला. दंगल उसळली आणि दोन माणसे ठार झाली, एक बौद्ध आणि एक मुसलमान. बलात्काराची तक्रार खोटी असल्याचे पुढे सिद्ध झाले. या इशाऱ्यानंतरही २०१५ च्या प्रारंभी त्या देशातील आक्षेपार्ह मजकूर तपासणारी, बर्मी जाणणारी अवघी दोन माणसे कंपनीकडे होती, असे रॉयटर्स वृत्तसंस्थेने २०१८ मध्ये उघड केले.

ऑगस्ट २०१७ मध्ये राखाइन प्रांतात सशस्त्र गटाच्या हल्ल्यांनंतर लष्कराने मोहीम उघडली आणि सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले. या हिंसेच्या वातावरणात समाजमाध्यमांची भूमिका निर्णायक होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाचे अध्यक्ष मार्झुकी दारुस्मान यांनी मार्च २०१८ मध्ये सांगितले. त्याच वर्षी २७ ऑगस्टला फेसबुकने लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांच्यासह १८ खाती व ५२ पाने बंद केली. त्यांचे अनुसरण करणारे जवळजवळ १ कोटी २० लाख होते. नोव्हेंबरमध्ये स्वतः नेमलेल्या संस्थेचा अहवाल प्रसिद्ध करताना, आपण पुरेसे केले नाही, अशी कबुलीही कंपनीने दिली. परंतु तोपर्यंत गावे जळून गेली होती.

शब्द आणि संदर्भ

कंपनीचा दोष केवळ दिरंगाईचा होता, असे मानले तर माणसे वाढवली की प्रश्न मिटतो. वस्तुस्थिती तशी नाही. जेव्हा कारवाई झाली तेव्हा ती कशी झाली, हे पाहणे अधिक बोधप्रद आहे.

बर्मी भाषेत 'कलार' हा शब्द भारतीय वंशाच्या लोकांसाठी आणि मुसलमानांसाठी हेटाळणीने वापरला जातो. २०१७ मध्ये फेसबुकने या शब्दावर बंदी घातली. परंतु हरभऱ्याच्या डाळीचे आणि खुर्चीचे बर्मी नावही याच शब्दाने सुरू होते. परिणामी डाळीविषयी लिहिणाऱ्यांच्या पोस्टही काढल्या गेल्या. इतकेच नव्हे, तर हा शब्द वापरू नका असे सांगणाऱ्यांचे लिखाणही त्यातच सापडले. उलट, या लोकांना दिसतील तेथे ठार करा, अशा आशयाची एक बर्मी पोस्ट कंपनीच्या भाषांतरयंत्राने इंग्रजीत आणली तेव्हा तिच्यातून इंद्रधनुष्याविषयीचे एक निरर्थक वाक्य निघाले. जे निरुपद्रवी होते ते पकडले गेले आणि जे प्राणघातक होते त्याचे इंद्रधनुष्य झाले.

याहून गंभीर गोष्ट रोहिंग्यांच्या बाबतीत घडली. आपल्या गावांवर काय गुदरले हे ते फेसबुकवर लिहीत होते आणि छायाचित्रे देत होते. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांतील कित्येकांच्या पोस्ट काढल्या गेल्याच्या आणि खाती बंद झाल्याच्या तक्रारी प्रसिद्ध झाल्या. जळालेल्या घराचे चित्र यंत्राला केवळ 'हिंसक दृश्य' दिसते. ते चित्र घर जाळणाऱ्याने फुशारकीने दाखवले आहे की ज्याचे घर जळले त्याने साक्ष म्हणून ठेवले आहे, हा भेद चित्रात नसतो. तो बोलणाऱ्याच्या स्थानात आणि हेतूत असतो. बौद्ध विचारात कर्म म्हणजे चेतना होय. म्हणून वाणीचा विचार करतानाही उच्चारलेला शब्द, त्यामागील चेतना आणि त्यातून होणारे हित-अहित या तिन्हींचा विचार करावा लागतो. कंपनीच्या नियमावलीने यांपैकी केवळ पहिल्या अंगावर भिस्त ठेवली. कारण यंत्राला तेवढेच मोजता येते.

फुलांचे बोलणे

या द्वेषाला उत्तर देण्याचा प्रयत्न म्यानमारमधीलच तरुणांनी केला, ही गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. लष्करी राजवटीत तुरुंगवास भोगलेले लेखक ने फोन लाट यांनी २०१४ मध्ये 'पनझगार' ही चळवळ सुरू केली. या शब्दाचा अर्थ 'फुलांचे बोलणे' असा आहे. तोंडात फूल धरलेली छायाचित्रे हे तिचे चिन्ह होते. पुढे फेसबुकने या चळवळीच्या सहकार्याने चित्रमुद्राही काढल्या. द्वेषाच्या पोस्टखाली त्या चिकटवाव्यात आणि इतरांना सावध करावे, अशी कल्पना होती.

यातून जे निष्पन्न झाले ते या संपूर्ण प्रकरणाचे मर्म आहे. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या २०२२ च्या अहवालात असे नोंदले आहे की, कंपनीच्या अल्गोरिदमने या मुद्रांची गणना निषेध म्हणून केलीच नाही. पोस्टखाली प्रतिसाद वाढला एवढेच त्याला कळले. म्हणून ती द्वेषाची पोस्ट त्याने आणखी लोकांपुढे नेली. ज्यांनी विष उतरविण्यासाठी फूल ठेवले, त्यांच्याच हातून विष पसरले.

येथे भिंतीची उपमा कोसळते. भिंत आपल्यावरचे लिखाण उचलून दारोदार नेत नाही. फेसबुक नेते. कोणाची पोस्ट दहा जणांना दिसेल आणि कोणाची दहा लाखांना, हे ते ठरवते. आणि हे ठरविताना लोक पडद्याला जितका वेळ खिळून राहतील तितकी जाहिरात अधिक, हा हिशेब त्यामागे असतो. मत्सर, भय आणि क्रोध माणसाला जितके खिळवून ठेवतात तितके शांत सत्य ठेवीत नाही. राग, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळे आहेत, असे तथागतांनी सांगितले. येथे त्याच मुळांना पाणी घालण्याचा व्यवसाय उभा राहिला आहे. अशी कंपनी स्वतःच एक बोलणारी आहे. तिला केवळ श्रोता किंवा निरपेक्ष मध्यस्थ म्हणता येणार नाही.

याचा एक बोलका दाखला अन्य ठिकाणी मिळतो. मार्च २०१७ मध्ये म्यानमारच्या राज्य संघमहानायक समितीने विराथूला एक वर्ष प्रवचन देण्यास मनाई केली. त्यानंतर तो तोंडावर पट्टी चिकटवून सभेत बसला आणि त्याच्या जुन्या भाषणांची ध्वनिफीत वाजविण्यात आली, असे वृत्त प्रसिद्ध झाले. माणूस गप्प बसला तरी फीत बोलत राहिली. केवळ बोलणाऱ्याला थोपविणारा आणि फीत वाजविणाऱ्याकडे न पाहणारा प्रत्येक नियम याच पद्धतीने निष्फळ ठरतो.

'फुलांचे बोलणे' या नावाला पालि साहित्यात एक पूर्वसूत्र आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारच्या व्यक्ती सांगितल्या आहेत : गूथभाणी, पुप्फभाणी आणि मधुभाणी. म्हणजे ज्याचे बोलणे विष्ठेसारखे आहे तो, ज्याचे फुलासारखे आहे तो आणि ज्याचे मधासारखे आहे तो. साधारण वाचकाला वाटेल की पुप्फभाणी म्हणजे गोड बोलणारा. सूत्रात तसे नाही. गोड, कानाला सुखावणारे बोलणे हे मधुभाणीचे लक्षण आहे. पुप्फभाणी म्हणजे सभेत किंवा राजदरबारात साक्षीला बोलावला असता, जे पाहिले ते पाहिले आणि जे पाहिले नाही ते पाहिले नाही, असे सांगणारा माणूस. स्वतःसाठी, परक्यासाठी वा काही क्षुल्लक लाभासाठी तो जाणूनबुजून खोटे बोलत नाही. गूथभाणी याच्या नेमका उलट, म्हणजे खोटा साक्षीदार होय.

हा भेद मूलभूत आहे. फूल हे सौम्यतेचे नव्हे, साक्षीचे प्रतीक आहे. या दृष्टीने पाहता जळत्या गावाचे छायाचित्र देणारा रोहिंग्या हा पुप्फभाणी ठरतो. त्याचे चित्र कितीही भयंकर असले तरी. आणि गोड शब्दांत, मैत्रीची भाषा करीत, खोटी बलात्काराची कथा पसरविणारा गूथभाणीच राहतो. 'सौजन्य' आणि 'सभ्य भाषा' यांना प्रमाण मानणारी नियंत्रण-व्यवस्था मधुभाणीला शोधत असते. त्या शोधात ती साक्षीदाराला बाहेर काढते.

न्यायाधीश कोण?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो आंबेडकरी वाचकाकडून यावा हेच स्वाभाविक आहे. वाणीवर बंधने घालण्याचा अधिकार दिला की त्याचा पहिला फटका दुबळ्यालाच बसतो, हा आपला अनुभव आहे. १९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी' तयार झाला नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मजकूर असह्य वाटताच काही भाग गाळण्याची सूचना केली आणि अखेर संमेलनच रद्द केले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला आणि ते भाषण स्वखर्चाने छापले. ही दोन्ही उदाहरणे सरकारी बंदीची नाहीत. व्यासपीठाच्या खाजगी मालकाने दार लावून घेतल्याची ती आहेत. तेव्हा मालकाचे व्यासपीठ, मालकाची मर्जी, हे आजच्या कंपन्यांचे समर्थन आपल्याला पटण्यासारखे नाही.

सरकारच्या हाती सर्व सोपवावे, हेही उत्तर नव्हे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघर येथे, मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडले आणि ते पसंत केले म्हणून दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा त्या प्रकरणात वापर झाला ते २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरविले. मताची चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या न्यायालयाने वेगळ्या केल्या आणि कोणाला राग आला वा त्रास झाला एवढ्यावरून गुन्हा होत नाही, हे स्पष्ट केले. म्यानमारमध्येही हेच दिसले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सत्ता बळकावल्यावर लष्कराने काही दिवसांतच फेसबुक बंद करण्याचा आदेश दिला. त्याचे कारण रोहिंग्यांविषयीचा कळवळा नव्हता. लोक त्यावरून प्रतिकार संघटित करीत होते, हे होते.

तर मग कसोटी कोणती? 'दुखावणे' ही कसोटी नव्हे, याविषयी मज्झिमनिकायातील अभयराजकुमारसुत्त निःसंदिग्ध आहे. तथागत कधी अप्रिय बोलतील काय, असा पेच राजपुत्राने टाकला. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. मुलाच्या घशात काटकी वा खडा अडकला तर तू काय करशील, असे तथागतांनी त्याला विचारले. रक्त आले तरी बोट घालून तो काढीन, कारण मुलाविषयी मला अनुकंपा आहे, असे त्याने उत्तर दिले. तथागतांची भूमिका यातूनच उलगडते. जे असत्य आणि अहितकर ते बोलू नये. जे सत्य आणि हितकर, ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी योग्य वेळ जाणून बोलावे. जातिव्यवस्थेवरील बाबासाहेबांचे प्रहार या कसोटीला पूर्ण उतरतात. मंडालेची अफवा पहिल्याच पायरीवर बाद होते.

घटनेतील मूलभूत हक्कांना अपवाद जोडल्याबद्दल टीका झाली, तेव्हा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दाखवून दिले की, अमेरिकेतही हे हक्क निरपवाद नाहीत. तेथे मर्यादा न्यायालयाने घातल्या, आपण त्या घटनेत लिहिल्या इतकेच. या विधानाचा रोख नीट ध्यानात घेतला पाहिजे. मर्यादा असतील तर त्या लिहिलेल्या असाव्यात, सर्वांना ठाऊक असाव्यात आणि त्यांचा अर्थ लावणारा त्रयस्थ असावा.

विनयाची कार्यपद्धती

नेमक्या याच बाबतीत भिक्खुसंघाचा विनय आजच्या कंपन्यांपेक्षा पुढे होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या सभापद्धतीचे स्मरण करून दिले ते काही अभिमान मिरविण्यासाठी नव्हे. ठराव, गणसंख्या, मतदान, एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा न उकरणे, हे सर्व त्या पद्धतीत होते. त्याच आधारे तीन गोष्टींची तुलना करता येते.

पहिली गोष्ट नियमांच्या प्रकटपणाची. पातिमोक्ख दर पंधरवड्याच्या उपोसथाला संघापुढे म्हटले जाते. कोणते वर्तन दोषाचे आहे हे प्रत्येक भिक्खूच्या कानी पडते. नियम होण्यापूर्वी प्रथम जो चुकला तो आदिकम्मिक म्हणून निर्दोष धरला जातो. फेसबुकने मात्र ज्या तपशीलवार सूचनांवरून पोस्ट काढल्या जात त्या एप्रिल २०१८ पर्यंत प्रसिद्धच केल्या नव्हत्या. कोट्यवधी लोकांना न सांगितलेल्या नियमांनी शिक्षा होत होती.

दुसरी गोष्ट समक्षतेची. वाद मिटविण्याच्या सात उपायांपैकी पहिला सम्मुखाविनय. संघ, धम्म, विनय आणि संबंधित व्यक्ती या चौघांच्या समक्षतेवाचून निर्णय होत नाही. आरोप कोणता, कोणत्या नियमाखाली, आणि तुझे म्हणणे काय, हे विचारावेच लागते. ज्याचे खाते बंद झाले त्या रोहिंग्यापुढे यांपैकी कोणीही नव्हते. वैयक्तिक पोस्ट काढल्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही कंपनीने २०१८ मध्येच सुरू केली.

तिसरी गोष्ट आरोप करणाऱ्याच्या शीलाची. दोष दाखविणाऱ्याने योग्य वेळी, सत्य, मृदू शब्दांत, हितासाठी आणि मैत्रचित्ताने बोलावे, असे पाच निकष सांगितले आहेत. कंपनीच्या व्यवस्थेत शेकडो जण संगनमताने एखाद्याविरुद्ध तक्रारी नोंदवू शकतात, आणि तक्रारींच्या संख्येमागे कोणते चित्त आहे हे कोणी विचारीत नाही. २०१९ मध्ये भारतातील बहुजन लेखकांनी ट्विटरवर जातीय पक्षपाताचा जो आरोप केला, त्याच्या मुळाशी याच धाटणीचा असंतोष होता.

विनय जसाच्या तसा कंपन्यांना लागू होईल, असे येथे म्हणावयाचे नाही. संघात माणूस स्वेच्छेने येतो, सर्व एकमेकांना ओळखतात, आणि वाद लांबविण्यात संघाचा आर्थिक लाभ नसतो. कोट्यवधी अनोळखी माणसांच्या व्यवहारास राज्याचा कायदा आणि स्वतंत्र न्यायमंडळ लागेलच. परंतु प्रकट नियम, समक्ष सुनावणी आणि निष्पक्ष निर्णय या तीन अटी लहान-मोठ्या प्रत्येक समूहाला सारख्याच लागू आहेत. त्यांत चौथी भर घालावी लागेल : जो वाणी दूरवर नेतो, त्याने तिच्या परिणामाचा वाटा उचलावा.

चीवराचा प्रश्न

कंपनीचा दोष सांगून आपली सुटका होत नाही. फेसबुकने विराथूला भिक्खू केले नाही. त्याला व्यासपीठ दिले. २००३ मध्ये चिथावणीबद्दल तो तुरुंगात गेला आणि २०१२ मध्ये सुटला. त्याचा द्वेष फेसबुकपूर्वीचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने त्याचे पान कायमचे काढले, परंतु जानेवारी २०२३ मध्ये लष्करी राजवटीने त्याला सन्मानाची पदवी दिली. धम्माच्या रक्षणासाठी असत्य बोलणे क्षम्य आहे, हा समज जोवर टिकून आहे तोवर पाने काढून काही साधणार नाही. चार वाचिक अकुशलांत मुसावाद पहिला आहे, आणि त्याला 'आपल्या लोकांसाठी' असा अपवाद कोठेही नाही. उलट साक्षीच्या सूत्रात 'परक्यासाठी' बोललेले खोटे जसे नाकारले आहे तसेच 'स्वतःसाठी' बोललेलेही. २०१३ मध्ये मेख्तिला येथील दंगलीत एका विहाराने शेकडो मुसलमानांना आश्रय देऊन जमावास दाराशीच रोखले, हेही बौद्धांचेच वर्तन होते. त्याची चित्रे मात्र द्वेषाच्या चित्रांइतकी पसरली नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मूळ कंपनीने, अमेरिकेतील स्वतंत्र तथ्यपडताळणीची योजना बंद करण्याचे जाहीर केले, द्वेषमूलक वर्तनाविषयीचे नियम सैल केले आणि त्यास अभिव्यक्ति-स्वातंत्र्याकडे परत जाणे असे नाव दिले. म्यानमारचा अनुभव समोर ठेवता हा दावा स्वीकारता येत नाही. नियम सैल केल्याने कंपनीचे बोलणे थांबत नाही. काय उचलून पुढे न्यावयाचे हे तिचेच यंत्र ठरवीत राहते. कमी झाली ती केवळ तिची जबाबदारी.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण धम्मापासून घेतली, असे बाबासाहेब सांगत. यातील एक वेगळे काढले की उरलेली दोन्ही निरर्थक होतात, हेही त्यांनी बजावले होते. ज्याच्या मागे सेना आणि यंत्र आहे त्याचे बोलणे, आणि ज्याचे घर जळत आहे त्याचे बोलणे, या दोहोंना एकाच मापाने 'मजकूर' म्हणणे म्हणजे समतेवाचून स्वातंत्र्य होय. कोणत्याही माध्यमाची परीक्षा करताना तेथे किती बोलता येते एवढ्यावर न थांबता, ज्याने पाहिले त्याला 'मी पाहिले' असे तेथे सांगता येते काय आणि सांगितल्यावर तो तेथे टिकतो काय, हे आपण विचारले पाहिजे.